लाल शाईतली नोंद रुग्णापर्यंत पोहोचू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

28 जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त आपल्या दैनिकात यकृताच्या कर्करोगाविषयी आलेला मजकूर वाचला. त्यात दारूच्या दुष्परिणामांवर भर होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत हातभट्टीने काय केले आहे, हे आपण सारेच पाहतो. परंतु या रोगाच्या कारणांपैकी एकच कारण पुन्हा पुन्हा सांगितले गेल्याने आपल्या भागात एक समजूत घट्ट बसली आहे की, यकृताचा कर्करोग हा दारू पिणाऱ्याचा रोग आहे आणि न पिणाऱ्याने त्याची काळजी करण्याचे कारण नाही. या समजुतीची किंमत माझ्या घराने मोजली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे थोरले भाऊ माळकरी होते. दारू, तंबाखू, मांसाहार यांपैकी कशालाही त्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नाही. 2019 च्या उन्हाळ्यात त्यांची भूक गेली, वजन उतरले, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले आणि पुढे पोटात पाणी झाले. सोनोग्राफीत यकृतात नऊ सेंटिमीटरची गाठ निघाली. तिथपासून चार महिन्यांत ते गेले. शेवटच्या दिवसांत ते मला एकच प्रश्न विचारत : “मी तं कधी थेंबही घेतला नाही रे, मंग मलेच हे कसं झालं?” भेटायला येणाऱ्या काही जणांच्या डोळ्यांत संशय असे, ‘लपूनछपून घेत असतील,’ आणि तो भावाला दिसत असे. दुखण्याहून तो संशय त्यांना जास्त लागला.

त्या प्रश्नाचे उत्तर घरातल्याच ट्रंकेत होते. तेरावे झाल्यावर कागदपत्रे शोधताना वहिनींना 2003 सालची एक फाइल सापडली. तालुक्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात भावाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते, त्या वेळची ती फाइल. पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ (म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे) असे लिहून त्याभोवती गोल केला होता. त्या दिवशी त्यांचे ऑपरेशन सर्वांत शेवटी घेतले गेले आणि जास्तीच्या हातमोज्यांचे पैसे बिलात वेगळे लावले गेले, एवढे वहिनींना आठवत होते. का, ते कोणी सांगितले नव्हते. सुटी देतानाच्या कार्डावर टाके कधी काढायचे ते लिहिले होते, जड उचलू नये हे लिहिले होते, मात्र त्या लाल गोलाविषयी एक शब्दही नव्हता. सोळा वर्षे ती फाइल ट्रंकेत पडून राहिली आणि सोळा वर्षे विषाणू यकृतात आपले काम करत राहिला.

मी स्वतः सरकारी रुग्णालयांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. ही तपासणी मी हजारो वेळा केली आहे. प्लास्टिकच्या छोट्या कार्डावर रक्तद्रवाचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. दुसरी रेघ दिसली की रजिस्टरमध्ये लाल पेनने नोंद करायची आणि केसपेपरवर शिक्का मारायचा, म्हणजे शस्त्रक्रियागृहातील माणसे सावध होतात. ही सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु इतक्या वर्षांत त्या माणसाला पुढे कुठे पाठवले, त्याच्या बायकोची आणि मुलांची तपासणी कोणी केली, असे मी कधी विचारले नाही आणि मलाही कोणी विचारले नाही. शस्त्रक्रियेआधीची, बाळंतपणाआधीची किंवा रक्तदानाच्या वेळची ही तपासणी आपल्याकडे दीर्घकाळ इतरांच्या सुरक्षिततेसाठीच झाली आहे. ज्याचे रक्त घेतले त्याच्यासाठी ती झाली नाही, आणि माझ्या मते या रोगाच्या बाबतीत आपली सर्वांत मोठी चूक हीच आहे.

हिपॅटायटिस बी, ज्याला आपल्याकडे ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, हा विषाणू 1960 च्या दशकात बारूक ब्लमबर्ग यांच्या संशोधनातून उजेडात आला आणि त्याबद्दल त्यांना 1976 चे नोबेल मिळाले. 28 जुलै हा त्यांचाच जन्मदिवस. नावात कावीळ असली तरी बहुतेकांना डोळे पिवळे होण्याची पाळीच येत नाही आणि त्यामुळे तो कळत नाही. प्रौढ वयात लागण झाली तर शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक जण आपोआप बरे होतात. जन्मताना आईकडून लागण झाली, तर मात्र शंभरातील जवळपास नव्वद बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. अशा लहानपणी लागण झालेल्या माणसांपैकी 15 ते 25 टक्के पुढे यकृत आक्रसून किंवा यकृताच्या कर्करोगाने अकाली दगावतात. इतर बहुतेक कारणांत आधी यकृतावर व्रण पडून ते निबर होते, ज्याला सिऱ्होसिस म्हणतात, आणि मग त्यात गाठ धरते. हा विषाणू मात्र आपली जनुकीय सामग्री थेट यकृताच्या पेशीच्या जनुकांत घुसवतो, म्हणून सिऱ्होसिस नसलेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही त्याच्यामुळे कर्करोग होऊ शकतो. पोट दुखायला लागेल तेव्हा पाहू, हा हिशेब इथे चालत नाही.

भाऊ गेल्यावर आम्ही सर्व भावंडांनी तपासणी केली. माझी निगेटिव्ह आली, धाकट्या बहिणीची पॉझिटिव्ह. आमची आई केव्हाच गेली, तेव्हा खात्रीने सांगता येणार नाही, पण दोन भावंडांत हा विषाणू निघावा यावरून तो तिच्याकडूनच आला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. बहीण आज रोज एक गोळी घेते, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करते, शेतात जाते, नातवंडे सांभाळते. एकाच आईच्या दोन लेकरांपैकी एकाला वेळेवर कळले आणि एकाला कळले नाही.

आता देशाच्या आकड्यांकडे वळतो. 2020 सालच्या जागतिक अंदाजांनुसार भारतात वर्षाला यकृताच्या कर्करोगाचे सुमारे 35 हजार नवे रुग्ण निघाले आणि त्याच वर्षी सुमारे 34 हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांचा आणि मृतांचा आकडा इतका जवळ असणे याचा अर्थ उघड आहे : ज्यांना निदान सांगितले जाते, त्यांपैकी फार थोडे जण या रोगातून वाचतात. लाखामागे अडीच-तीन रुग्ण हे आपले प्रमाण मंगोलियासारख्या देशाच्या तुलनेत, जिथे ते लाखामागे ऐंशीच्या वर आहे, फारच कमी दिसते. देशातही ते सगळीकडे सारखे नाही. ईशान्येकडील अरुणाचल प्रदेश आणि सिक्कीम येथील नोंदींत ते उर्वरित भारताहून कितीतरी जास्त आहे. पुरुषांत हा रोग स्त्रियांच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक आढळतो.

पण हे कमी दिसणारे प्रमाण खानदेशाचे आहे का? लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी 2020 च्या सुमारास देशाच्या जेमतेम दहा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचली होती. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात अशा 28 नोंदणी केंद्रांची माहिती होती. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड ही नावे त्यात होती. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी एकही नव्हते. शिवाय अशा नोंदणीत त्या-त्या क्षेत्रातील रहिवाशांचीच गणना होते. शहाद्याचा माणूस सुरतेला गेला, शिरपूरचा इंदूरला, चाळीसगावचा औरंगाबादला किंवा रावेरचा मुंबईला, तर तो तिथल्या रुग्णालयाच्या दप्तरात दिसतो, पण त्या शहराच्या प्रमाणात मोजला जात नाही आणि इथे मोजणारे कोणी नसल्याने कुठेच मोजला जात नाही. घरीच वारलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण गावात ‘कावीळ’ किंवा ‘पोटात पाणी’ एवढेच सांगितले जाते. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी 1987 पासून ग्रामीण नोंदणी चालू शकते, तर जळगावला 2018 पासून आणि नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असताना, आणि धुळ्याला तर त्याच्याही कितीतरी आधीपासून असताना, तीन जिल्ह्यांची मिळून एक नोंदणी का उभी राहू नये, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना कोणीतरी विचारायला हवा.

लागण कुठून होते, याबद्दलही स्पष्ट लिहायला हवे, कारण चुकीच्या भीतीने लोक ताट-वाटी वेगळी करतात, ठरलेली लग्ने मोडतात आणि खरे धोके मात्र तसेच राहतात. एकत्र जेवल्याने, हात हातात घेतल्याने, एका घरात राहिल्याने पांढरी कावीळ होत नाही. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होते. तेव्हा नजर सुईवर आणि वस्तऱ्यावर ठेवायला हवी. आपल्याकडे साध्या थंडी-तापालाही ‘एक सुई टोचा’ असा आग्रह धरणारे रुग्ण आहेत आणि तो पुरवणारेही आहेत. या शतकाच्या सुरुवातीला देशभर झालेल्या एका पाहणीत दहापैकी सहा इंजेक्शने असुरक्षित आढळली होती. आपल्या शेजारच्या गुजरातेत, मोडासा परिसरात, 2009 साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. यात्रेत एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांच्या हातावर गोंदणारा माणूस मी सारंगखेड्यालाही पाहिला आहे आणि लहान-सहान जत्रांतही. सुई तो एका बाटलीतल्या पाण्यात बुचकळतो आणि पुढचा हात धरतो. त्याला कोणी दोन शब्द समजावून सांगितलेले नसतात आणि टोचून घेणाऱ्या पोरांनाही नाही.

हिपॅटायटिस सी हा दुसरा विषाणू. तो मुख्यतः रक्तातून पसरतो. त्याला लस नाही, पण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंच्याण्णव रुग्ण पूर्ण बरे होतात. ज्यांना रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची होण्यापूर्वी, म्हणजे ढोबळमानाने 2000 च्या आधी रक्त चढवले गेले, त्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

एका कारणाविषयी आपल्या भागातील शेतकऱ्यांशी विशेष बोलायचे आहे, ते म्हणजे बुरशी. ओल्या मक्यावर आणि भुईमुगाच्या शेंगांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते भाकरी भाजल्याने किंवा भाजी उकळल्याने नाहीसे होत नाही. 1974 च्या पावसाळ्याअखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत बुरशीचा मका खाऊन शेकडो आदिवासींना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. ती तीव्र विषबाधा होती, कर्करोग नव्हे. परंतु तेच विष थोडे-थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. शांघाय शहरातील पुरुषांच्या पाहणीत तर असे आढळले की, नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका तिपटीहून थोडा अधिक वाढला, नुसत्या हिपॅटायटिस बीने सातपटीच्या आसपास, आणि दोन्ही एकत्र आल्यावर तो सुमारे साठपट झाला.

बांसवाड्याचे ते भिल्ल बांधव आणि अक्राणी-अक्कलकुव्याचे आपले बांधव यांचे खाणे, साठवण आणि पावसाचे दिवस यांत फारसे अंतर नाही. मका हे आता केवळ डोंगराचे पीकही राहिलेले नाही. ऐन काढणीला परतीचा पाऊस येतो आणि चोपडा-शिरपूर रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली कणसे भिजतात, हे दर एक-दोन वर्षांनी घडते. मका 13-14 टक्के ओलाव्याच्या खाली आणि भुईमुगाची शेंग 8-9 टक्क्यांच्या खाली वाळल्याशिवाय पोती भरू नयेत. आमची आई दाणे कुटायच्या आधी सुपात घेऊन काळवंडलेले, सुरकुतलेले, कडू दाणे एक-एक वेचून टाकत असे. त्या वेळी आम्हाला तो चिकटपणा वाटे. प्रत्यक्षात अशी निवड केल्याने विषाचा मोठा भाग खरोखरच बाजूला पडतो. शेंगदाण्याचे कूट ज्या भागात जवळपास प्रत्येक भाजीत पडते, तिथे विकतचे तयार कूट घेण्यापूर्वी या सुपाची आठवण ठेवावी. वेचलेले दाणे आणि बुरशीची सरकी ढेप म्हशीपुढे टाकणेही बरे नाही, कारण त्या विषाचे बदललेले रूप दुधातून पुन्हा आपल्याच पेल्यात येते.

मधुमेह, लठ्ठपणा आणि ‘फॅटी लिव्हर’ यांचा वाटा वाढतो आहे, तो तर दारू न पिणाऱ्यांतच. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द इतके सर्रास दिसतात की, लोक ते पाहून सोडून देतात. पोटाचा घेर वाढलेला आणि साखरही वाढलेली असेल, तर ते सोडून देऊ नयेत. दारूबद्दल इतकेच लिहितो की, ज्याला पांढरी कावीळ आहे त्याच्यासाठी ‘थोडीशी’ असे प्रमाणच नाही. आणि मोहाची घरची आहे म्हणून ती यकृताला वेगळी लागत नाही.

उपचारांची उणीव आहे, असेही नाही. 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला असून त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. गर्भवतीची तपासणी, आणि ती पॉझिटिव्ह असल्यास बाळाला लसीसोबत द्यावयाचे वेगळे इंजेक्शन, हेही त्यात आहे. बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस आणि मग सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पुढचे डोस, हा नियम आहे. तैवानने 1984 मध्ये बाळांना ही लस देणे सुरू केले आणि काही वर्षांतच तिथल्या मुलांमधील यकृताचा कर्करोग घटला. आपल्याकडे ती 2007-08 मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि 2011 मध्ये देशभर नियमित लसीकरणात आली. याचा सरळ अर्थ असा की, आज विशी ओलांडलेल्या बहुसंख्य खानदेशी माणसांना बाळपणी ती मिळालेली नाही. आणि डोंगरातल्या पाड्यावर, घरीच झालेल्या बाळंतपणात, ते 24 तास आजही निसटतात. तिथे पोहोचणाऱ्या आशाताईंची धडपड मी जवळून पाहिली आहे. उणीव त्यांच्या कष्टांत नाही, रस्त्यांत आणि शीतपेट्यांत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे 2 कोटी 98 लाख आणि सीचे सुमारे 55 लाख बाधित आहेत. जगभरातील बी बाधितांपैकी फक्त 13 टक्क्यांना आपल्या आजाराची माहिती आहे आणि 3 टक्के उपचार घेत आहेत. आपली स्थिती त्याहूनही मागे आहे. पण हे ‘माहीत नसलेले’ सगळेच खरोखर न तपासलेले आहेत का? माझ्या भावासारखे कितीतरी जण तपासले गेले आहेत, त्यांची दुसरी रेघ कोणीतरी पाहिली आहे, फक्त त्यांना ती सांगितली गेलेली नाही. पॉझिटिव्ह निघालेल्या प्रत्येकाला गोळ्या लागतात असे नाही. रक्तातील विषाणूंची संख्या, यकृताची तपासणी आणि त्याचा निबरपणा पाहून डॉक्टर ते ठरवतात. परंतु नियमित पाहणीखाली प्रत्येकाने राहायला हवे. धोका अधिक असलेल्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ततपासणी केली, तर गाठ दोन-तीन सेंटिमीटरची असताना सापडते आणि काढता किंवा जाळता येते. गाठ नऊ सेंटिमीटरची झाल्यावर जी औषधे उरतात, ती काही महिन्यांची भर घालतात. अशाच एका औषधाचा महिन्याचा खर्च 2012 च्या सक्तीच्या परवान्यामुळे (म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला ते बनवू देणाऱ्या सरकारी आदेशामुळे) सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांच्या आसपास आला, ही मोठी गोष्ट होती. तरीही तो शेवटच्या टप्प्याचा खर्च आहे.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. सरकारी असो वा खाजगी, ज्या रुग्णालयात, प्रसूतिगृहात किंवा रक्तपेढीत ही तपासणी पॉझिटिव्ह येईल, तिथे त्या व्यक्तीला खाजगीत, तिच्या भाषेत समजावून सांगावे, सुटीच्या कार्डावर ते मराठीत लिहावे, जिल्ह्याच्या उपचार केंद्राची चिठ्ठी हातात द्यावी आणि आई-भावंडे, पती-पत्नी, मुले यांची तपासणी व लसीकरण सुचवावे. याला नवी यंत्रे किंवा नवा निधी लागत नाही. लागतात ती फक्त दहा मिनिटे. तपासणीचे शुल्क आणि जास्तीच्या हातमोज्यांचे पैसे घेणाऱ्यांवर ही दहा मिनिटे द्यायचे बंधन आरोग्य खात्याने लेखी आदेशाने घालावे.

आणखी एक. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या कपाटांत गेल्या पंधरा-वीस वर्षांची प्रयोगशाळा रजिस्टरे पडून आहेत. त्यांत लाल शाईने लिहिलेली नावे आहेत, वये आहेत, गावे आहेत. त्यातली काही माझ्याच अक्षरात आहेत. त्यांतली अनेक माणसे आज हयात असतील आणि त्यांच्या यकृतात अजून गाठ धरली नसेल. जिल्हा शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली आणि गोपनीयतेचे नियम घालून दिले, तर मी आणि माझे एक निवृत्त सहकारी ती रजिस्टरे विनामूल्य चाळून गाववार यादी करून द्यायला तयार आहोत. पहिले रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, हे मला माहीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
ता. चोपडा, जि. जळगाव